चौदाव्या बेटाची ओळ

सांडव्हेर गावात दाराला कुलूप लावत नाहीत. लावलंच कोणी, तर शेजारी चार दिवस तोंड फुगवून बसतात: आमच्यापैकी कोणाचा संशय आहे म्हणे? बोर्गनीचं घरही सदा उघडं, आणि त्याच घराच्या तळघरात, जिथे पूर्वी कॉड माशाला मीठ लावत, सोळा बेटांचं यंत्र गुरगुरत असे. बेटांवरचे फोन, टपाल, म्हाताऱ्यांच्या गळ्यातली मदतीची बटणं, सगळं त्यातून मुख्य भूमीवर जाई.

बोर्गनी मोजकं बोलणारी बाई, आणि यंत्रालाही तिने तीच शिस्त लावलेली. मुख्य भूमीवरच्या, पलीकडच्या यंत्राला सोळा बेटांची सोळा नावं कशाला ऐकवायची? तिने एकच ओळ कळवली होती: या सोळांपैकी कोणाचंही काही असो, माझ्याकडे धाडा. काम थोडक्यात. मेख एकच. सोळांमधलं एखादं बेट बंद पडलं, म्हणजे त्याची जोडणी तुटली, तरी मुख्य भूमी त्याच्या नावाचे निरोप धाडतच राहते. इकडच्या यंत्राला बेट सापडत नाही, ते सवयीने निरोप परत ढकलतं. पलीकडचं म्हणतं, अगं, तुझंच आहे हे. झाला भोवरा सुरू. म्हणून बेट बंद झालं की त्याच्या नावाने आणखी एक ओळ लिहायची: याचं काही आलं तर खड्ड्यात टाक. या धंद्यातली माणसं त्याला खड्डाच म्हणतात.

चौदाव्या बेटाची ही ओळ बोर्गनीने लिहिली नव्हती.

चौदावं बेट म्हणजे हेस्टशेर, एक खडक आणि त्यावर हवामानाची पेटी. पेटीची देखभाल बोर्गनीचा नवरा टोर्लेफ करी. परत निघताना पेटीच्या शेऱ्याच्या रकान्यात तो न चुकता दोन शब्द टाके: ‘कॉफी ठेव.’ नोव्हेंबरात ते शब्द आले, कॉफी ठेवली गेली, आणि दुसऱ्या दिवशी बोट उलटी सापडली. टोर्लेफ सापडला नाही. त्याच वादळात पेटीही खडकावरून समुद्रात गेली.

फेब्रुवारीत एका सकाळी आर्नफिन आला. मुख्य भूमीकडचं यंत्र तो सांभाळी. वाफलवर तपकिरी चीज ठेवून त्याने कॉफीचा घोट घेतला.

“ही कॉफी आहे की होडीला फासायचं डांबर?”

“होडीने कधी तक्रार केली नाही.”

तो हसला नाही. “गुडलाउग आजी काल पडली गं. बटण दाबलं, तर हाक चाळीस मिनिटांनी पोचली. तोवर फरशीवर.”

“आता?”

“शिव्या देतेय, म्हणजे बरी आहे. पुढच्या वेळी देईल याची खात्री नाही. आपली वाहिनी तुंबलीय, बोर्गनी. चौदाव्याचा खड्डा तू लिहिला नाहीस.”

“विसरले.”

“तीस वर्षांत तू काय विसरलीस, सांग बरं मला.”

दोघं तळघरात उतरली.

खरं तर भोवराही टिकू नये. प्रत्येक निरोप चौसष्ट श्वास घेऊन निघतो, वाटेतलं प्रत्येक यंत्र एकेक कापतं, आणि शेवटचा कापला की निरोप मरतो. हवामान खात्याचं यंत्र अजून दर तासाला चौदाव्याला विचारी, ‘आहेस का?’ ते प्रश्न पापणी लवायच्या आत मरायला हवे होते.

पडद्यावर दोन हजारांच्या वर प्रश्न फिरत होते. नोव्हेंबरपासूनचे सगळे. प्रत्येकाजवळ एकच श्वास शिल्लक, आणि तो कापला जात नव्हता.

“यंत्र बिघडलंय तुझं,” आर्नफिन म्हणाला.

“आणि तुझं?”

“माझं तर मी परवाच नवं बसवलंय.” मग त्याने टोपी हातात घेतली. “ओळ तू लिही. मला नाही लिहवणार.”

तो गेल्यावर ती बसून राहिली. प्रेत नव्हतं, म्हणून थडगं नव्हतं. चर्चच्या पाद्री बाईंनी त्याच्या नावाच्या प्रार्थनेचं दोनदा विचारलं, दोनदा तिने विषय बदलला. साऱ्या सांडव्हेरात एवढीच एक जागा होती जिथे टोर्लेफला अजून कोणीतरी विचारत होतं, आहेस का?

पण गुडलाउग आजी फरशीवर होती. चाळीस मिनिटं.

बाराला तिने ओळ लिहिली. दोन हजार प्रश्न एका क्षणात खड्ड्यात गेले. तिने पडद्यावर तळवा ठेवला, कपाळावर ठेवतात तसा, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मनसोक्त रडली.

खड्ड्यातून काही परत येत नाही. त्याचं कामच ते.

एकच्या ठोक्याला हवामान खात्याचा नवा प्रश्न खड्ड्यात पडला: आहेस का?

उत्तर आलं. चौदाव्याकडून.

आहे. तापमान चार अंश. वारा नाही. दाब: चाळीस वाव खोल पाण्याखाली असतो तेवढा.

तिने तारा तपासल्या. हेस्टशेरची तार नोव्हेंबरातच तिने स्वतः काढून गुंडाळून ठेवली होती. ती तशीच खुंटीला होती.

दोनला पुन्हा. तापमान चार अंश. दाब: तीस वाव.

तीनला वीस.

तिने हिशोब केला. पाचला पृष्ठभाग.

चारला दहा वाव. आणि शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द.

ती वर आली. कॉफी ठेवली, त्याला आवडे तशी, डांबरासारखी. दोन कप मांडले. धक्क्याकडची खिडकी पुसली. सगळं झाल्यावर तिचं लक्ष हातातल्या चिठ्ठीकडे गेलं, तिने उतरून घेतलेल्या आकड्यांकडे. दाब दर तासाला बदलत होता. चार अंश तेवढे बदलत नव्हते. जिवंत अंग एवढं गार नसतं.

मग जन्मात पहिल्यांदा ती दाराची किल्ली शोधू लागली.

खिळ्यावर नव्हती. खणात नव्हती. पाचला पाच मिनिटं कमी असताना तिला आठवलं, घराची किल्ली एकच होती. ती बोटीच्या किल्लीसोबत, टोर्लेफच्या खिशात असे.