शेवटची बोट चारला

सुजीत देवस्थळी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात इमारतींची मॉडेलं बनवायचा. चिमटा आणि गोंद हाताशी असला की गडी खूश. २००२च्या सप्टेंबरात मात्र वेगळंच काम आलं. भूमध्य समुद्रातलं एक इवलंसं बेट, दुबईतल्या पर्यटन प्रदर्शनात मांडायला. माथ्यावर बंद पडलेलं दीपगृह, वाटेवर रोमन काळातलं पाण्याचं टाकं, कड्यावर समुद्रपक्ष्यांची घरटी आणि खाली धक्का. सोबत नियमांची पाटी: दिवसाला पंचवीसच माणसं, शेवटची बोट चारला, मुक्काम कोणी करायचा नाही.

नियमाप्रमाणे सुजीतने नखाएवढी पंचवीस रंगीत माणसं लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजली तर सव्वीस.

सव्विसावा दीपगृहापाशी उभा होता. बिनरंगाचा, डावा खांदा जरा पडलेला.

"लियाकतभाई, ये किसने लगाया?"

लियाकत त्याचा सुतार, पेशावरचा, सरळ माणूस. "कसम से साहब, मैंने पच्चीस ही काटे थे."

सुजीतने तो उपटून कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी तो परत होता, आता टाक्यापाशी. तिसऱ्या दिवशी थेट धक्क्यावर. वर्कशॉपमध्ये एरवी गोंदाचा आणि भुशाचा वास असायचा. त्या सकाळी ओल्या दोरखंडाचा खारट वास येत होता. कुलूप सुजीत स्वतः लावायचा, किल्ली त्याच्याच खिशात. मग हे करतंय कोण? काही उमगेना, तेव्हा त्याने चहा केला आणि तो प्यायचाही विसरला.

दुपारी डबा घेऊन आई आली. हेमाताई तीन महिन्यांच्या व्हिसावर अल मजाजला लेकाकडे आल्या होत्या. त्यांचे यजमान वासुदेवराव जहाजावर इंजिनियर होते. सत्तावीस वर्षांपूर्वी, सुजीत सात वर्षांचा असताना, ते भूमध्य समुद्रात जहाजावरून नाहीसे झाले. ना पत्र, ना प्रेत. हेमाताईंनी कुंकू पुसलं नाही. आता कुठे सुजीतने त्यांना कसंबसं राजी केलं होतं. पुढच्या महिन्यात नाशिकला दर्भाचा पुतळा करून वडिलांना अग्नी द्यायचा आणि हे वाट पाहणं एकदाचं संपवायचं.

डबा ठेवून हेमाताई बेटावर वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"हे असेच उभे राहायचे," त्या हळूच म्हणाल्या. "डावा खांदा पाडून..."

"आई, प्लास्टिकचं आहे ते."

"बोट कुठाय?"

"बोटीचं ड्रॉइंग क्लायंटकडून आलं नाही अजून."

"अरे, चारची चुकली तर माणसाने करायचं काय? बोट लाव, सुजीत."

"नाशिकचं ठरलंय ना आपलं? तू हो म्हणालीयेस."

"म्हणालेय ना. मोडत नाही शब्द. पण आधी बोट लाव."

सुजीतला राग आला आणि त्याहून जास्त दया आली. लहानपणी दाराशी बसलेली आई त्याने किती वेळा पाहिली होती. आता हट्टाला पेटून ती नाशिकलाच नाही म्हणाली तर? एवढ्याने समाधान होत असेल तर होऊ दे, म्हणत त्याने एक बोट कापली. हेमाताईंनी ती स्वतःच्या बोटांनी धक्क्याला टेकवली. घड्याळात चारला पाच कमी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर धक्क्यावर सव्विसावा नव्हता. बोट टेबलाच्या अगदी कडेला आली होती, दाराकडे तोंड करून. ती ओली होती. बोटीपासून शटरपर्यंत फरशीवर पाण्याचे थेंब होते.

सुजीतने घरी फोन लावला. त्याची बायको मुग्धा ऑफिसला गेलेली, घरी आई एकटीच.

"आई, ठीक आहेस ना?"

"हळू बोल..." आईचा आवाज नव्या नवरीसारखा लाजलेला. "आत्ताच डोळा लागलाय ह्यांचा."

बाबा? खरंच? भीती वाटायला हवी होती, पण आधी डोळ्यांत पाणीच आलं. सात वर्षांचा असल्यासारखं त्याला वाटलं, धावत घरी जावं.

"साहब..." लियाकत बेटाच्या पलीकडून म्हणाला. "आपका छब्बीसवाँ आदमी तो यहाँ है."

सुजीत फोन कानाला तसाच धरून पुढे झाला. दीपगृहापाशी, पहिल्या दिवशीच्याच जागी तो उभा होता. बिनरंगाचा, डावा खांदा पडलेला. फक्त आता त्याचे दोन्ही हात वर होते, धक्क्यावरच्या माणसांना लांबून 'थांबा' म्हणून ओरडावं तसे.

सुजीतने माणसं मोजली. पुन्हा मोजली. सव्वीसच्या सव्वीस बेटावरच होती.

"आई," तो फोनमध्ये ओरडला, "आई, बाहेर ये... आत्ताच्या आत्ता घराबाहेर ये..."

"अरे, जागे झाले बघ तुझ्यामुळे," आई म्हणाली. आणि तिच्यामागे कोणीतरी दाराला आतून कडी घातली.