निकडीचा वास

पुणे विमानतळावरच्या घ्राणद्वारासमोर मृण्मयी ढवळे तिसऱ्यांदा उभी राहिली आणि तिसऱ्यांदा तांबडा दिवा लागला. पाण्याचे, खिडकीचे, अगदी हात टेकायच्या दांडीचेही पैसे तिने निमूट भरले होते. पण शेवटचं भाडं ठरायचं ते इथे, आणि ते तिच्या ऐपतीबाहेर गेलं होतं. ते उतरलं नाही, तर तिची जागा दुसऱ्या कोणाला मिळणार होती.

तिकडे दिब्रुगडला तिच्या ओवीचे दिवस भरले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण ओवीचं विमान दोनदा रद्द झालं आणि मग डॉक्टरांनी प्रवासच बंद केला. लेकीला येता येईना, म्हणून डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन माहेरच निघालं होतं.

"मन शांत व्हावं म्हणून रामरक्षा म्हटली हो," ती मागच्या गृहस्थांना म्हणाली, "तर मेलं भाडं आणखी चढलं!"

गृहस्थ ओशाळले. ते डॉ. अद्वैत सरनोबत. या यंत्राचं नाक त्यांनीच बनवलं होतं, आणि आज तेही त्याच्याच रांगेत अडकले होते.

"काळजी लागली की माणसाच्या श्वासातून, घामातून काही सूक्ष्म द्रव्यं बाहेर पडतात," ते म्हणाले. "आपल्याला त्यांचा वास येत नाही, याला येतो. मी हे आजार ओळखायला केलं होतं. कंपनी त्यावर निकड मोजते. ज्याची निकड मोठी, त्याचं भाडं मोठं."

"म्हणजे अडला हरी, आणि गाढव तुमचं!"

डॉक्टरांना हसू आवरेना.

"पण मोठी म्हणजे कोणापेक्षा मोठी?" मृण्मयीने विचारलं.

"रांगेतल्या इतरांपेक्षा. हवा, ऋतू यांनी वास बदलतो, म्हणून यंत्र आजूबाजूच्यांशी तुलना करतं."

"आणि सगळ्यांनाच सारखी निकड असली तर?"

"तर सगळ्यांना कमीत कमी भाडं. पण सोंग चालायचं नाही, बाई. खरंच वाटावं लागतं."

मृण्मयीने पदर खोचला आणि डबा उघडून रांगेत फिरवला. "घ्या हो, लेकीच्या बाळंतपणाचे आहेत. पहिलटकरीण आहे माझी. सासू नाही, मुलूख परका, आणि बाळ आडवं आहे म्हणतात."

"आडवं?" हातातला लाडू तसाच ठेवून एक बाई म्हणाल्या. "आमच्या नणंदेचं अस्संच होतं. जिवावरचं दुखणं हो ते!"

मग काय विचारता! कोणी फोन लावायला सांगितलं, कोणी नवस बोललं, एक धिप्पाड गृहस्थ तर खुशाल डोळे पुसू लागले. सगळ्या रांगेचा जीव ओवीपाशी गोळा झाला आणि दिवा हिरवा झाला. एकट्या मृण्मयीसाठी नाही, शेवटच्या माणसापर्यंत हिरवा. रांगेने असा जल्लोष केला की पहारेकरीही टाळ्या वाजवू लागले. "आधी आजीबाईंना सोडा!" म्हणत लोकांनी तिला पुढे काढलं.

ती पोचली. बाळ सुखरूप झालं, आणि पहिल्यांदा विसावलं ते आजीच्याच हातांवर. मृण्मयी आनंदाने ढसाढसा रडली. तिची युक्ती तोवर गावोगाव गेली होती. रांगारांगांतून माणसं एकमेकांना आपलं दुःख सांगत होती आणि कंपनीने हात टेकले होते.

नातवाच्या उष्टावणाला ती पुन्हा निघाली. तेच घ्राणद्वार, लांबलचक रांग. आतापर्यंत बाराजणांचं सांगून झालं होतं. आता एक म्हातारे गृहस्थ बोलत होते. बायको तिकडे शेवटच्या घटका मोजते आहे, चाळीस वर्षांत तिला कधी एकटं ठेवलं नाही, असं काहीसं. त्यांचा आवाज कापत होता. लोक माना हलवत होते, पण डोळे सगळ्यांचे वर, दिव्याकडे. दिवा तांबडाच राहिला.

म्हाताऱ्यांनी आशेने मृण्मयीकडे पाहिलं. तिने डब्यातला लाडू त्यांच्या हातावर ठेवला. नजर मात्र वरच होती.

"आजोबा," ती म्हणाली, "जरा रंगवून सांगा ना."