सासूबाईंचं हातविरजण

मानवजातीने हाताच्या चवीवर अखेर विजय मिळवला, असं संस्थेच्या प्रवेशद्वारावर ग्रॅनाइटमध्ये कोरलेलं होतं. त्याच दारातून आत गेलं की कँटीन लागे. तिथलं सूप इतकं पाणचट असे, की डॉ. हेरंब टिळेकर डबा घरून आणत.

संस्था दक्षिण कोरियातल्या एका डोंगरी गावात होती. तिथे हेरंब हातविरजणं काढत. शब्द त्यांनीच बनवलेला. कोरियन लोक 'सोनमात' म्हणतात, म्हणजे हाताची चव. अमकीच्या हाताला चव आहे, असं आपणही म्हणतोच. कोरियन लोकांनी ती मोजली, एवढंच. शिजवलेलं सोयाबीन कुटून त्याच्या विटा टांगायच्या, मग मिठाच्या पाण्यात मुरवायच्या, की दोएनजांग नावाचं वाटण होतं. मुरताना जंतू सोयाबीनची प्रथिनं तोडतात. त्यातून जिभेला भरीव लागणारं ग्लुटामेट सुटतं, भाजल्या शेंगदाण्यासारखा वास देणारी पायराझिनं बनतात, आणि शेजाऱ्यांना खिडक्या लावायला लावणारी काही आम्लंही. आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग असा नाकात असतो; जीभ खारट-आंबट सांगून मोकळी होते. कोणते जंतू किती, यावर सगळा मेळ ठरतो. आणि त्यातले बरेचसे कालवणाऱ्या बाईच्या तळहातावरून येतात. आता ते दुसऱ्या हातावर लावता येत होते, दुधाला विरजण लावावं तसे. त्या हातावरचे आधीचे मात्र कायमचे मारावे लागत.

ग्वाक तेसिक आले ते दिवंगत आईचा दोएनजांगचा छोटा रांजण मांडीवर घेऊन. शेजारी बायको, सुनोक.

"आईच्या हातची चव हिच्या हातात घाला," तेसिक म्हणाले. "लग्नाला तीस वर्षं झाली, हिला काही ती साधली नाही."

"तुमच्याच हातात घालू का?" हेरंबनी विचारलं.

"माझ्या? मी कुठे स्वयंपाक करतो?" तेसिकना प्रश्नच कळला नाही.

नियमाप्रमाणे त्यांना नाकाच्या तपासणीला नेण्यात आलं. ती करणारी ह्येजिन जनुकंही तपासायची, त्यामुळे निकाल आठवड्याने लागे. ते गेल्यावर सुनोकबाई पुढे सरकल्या. हेरंबच्या कानातल्या यांत्रिक दुभाष्याने त्यांच्या कोरियनला सातारी वळण का दिलं होतं, कोण जाणे.

"डॉक्टर, माझ्या हातावरचं मारायच्या आधी थोडं काढून ठेवता का? आईचं हाय ते माझ्या. तिच्यासंगं बसून किमचीचा कोबी मसाल्यात माखायची मी. ती गेली आन् भावांनी तिचे रांजण विकले. हातावर उरलंय तेवढंच."

"ठेवू की," हेरंब म्हणाले आणि त्यांच्या तळहातावरून कापूस फिरवला, मग दुसरा रांजणातून.

यंत्राने सांगितलं, की हातावरचे आणि रांजणातले जंतू एकच आहेत. हेरंबनी नमुना बदलला. यंत्र मतावर ठाम राहिलं.

"बाई, उपचाराची गरजच नाही," ते शेवटी म्हणाले. "रांजणात जंतू अब्जावधी, हातावर मूठभर. तुम्ही वर्षानुवर्षं त्यात हात घातलात. तुमचे हटत गेले, रांजणातले बसत गेले. तुमच्या हातावर सासूबाई आहेत."

"आन् सासूबाईंच्या हातावर?"

"त्यांच्या सासूबाई असणार. रांजण घराण्याचा ना? म्हणजे घरात येणारी प्रत्येक सून त्यात..." ते शब्द शोधू लागले.

"मुरती," सुनोकबाईंनी दिला. "आन् माझी आई?"

"सापडली नाही."

"नीट बघा की पुन्हा."

त्यांनी पुन्हा बघितलं. सुनोकबाई तळहात उताणे ठेवून बसल्या होत्या, कुणीतरी त्यात काही घालणार असल्यासारख्या. मग अचानक हसल्या.

"म्हातारीला शिव्या देत मी कोबी माखायची, आन् माखत व्हती तीच!"

"साहेबांना समजावून सांगतो मी."

"काय सांगणार? तीस वर्षं आईच्याच हातचं खाताय म्हणून? न्हाई पटायचं. उपचार करा."

"पण कशाचा? विज्ञानात असं..."

"पाण्याचा करा."

हेरंबनी पाण्याचा केला. कोमट घेतलं, म्हणजे उपचारासारखं वाटावं.

पुढच्या रविवारी हेरंबना ग्वाकांकडे जेवण होतं. तेसिकनी दोएनजांगच्या रश्श्याचा पहिला घोट घेतला, डोळे मिटले, आणि ते पाणावले.

"आई!" ते म्हणाले. "हीच ती चव. बघ सुनोक, किती सोपं होतं."

सुनोकबाईंनी पाहुण्यांना आणखी भात वाढला. मागे त्यांची लेक कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून कोबी माखत होती.

"लगीन ठरलंय तिचं," सुनोकबाई हळूच म्हणाल्या. "बजावलंय, सासरी मोजे काढायचे न्हाईत. माझं तेवढं तरी राहू दे तिच्या हातावर."

तिच्या हातावर कोण होतं, हे हेरंबना ठाऊक होतं. ते भात खात राहिले.

सोमवारी कँटीनमध्ये ह्येजिन सूप घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"त्या ग्वाकांच्या नाकाचा निकाल आला," ती म्हणाली. "त्यांना वास येत नाही. जन्मापासूनच."