प्रस्थानाचा शर्ट

हसा खुशाल. मी चेन्नईजवळ ओरगडमच्या ट्रक कारखान्यात इंजिनियर आहे, मीसुद्धा आधी हसलोच होतो.

शुक्रवारची सकाळ. मला बाप व्हायला अजून तीन आठवडे होते. दहा वाजता पुण्याहून देविकाचा, माझ्या बायकोचा, फोन आला. "मधू, आत्ताच ऑपरेशन करायचं म्हणतायत. मला भीती वाटतेय रे. तू आल्याशिवाय मी आत जाणार नाही!"

एकच्या विमानाचं तिकीट मिळालं. चेन्नई ते पुणे नऊशे किलोमीटर, पावणेदोन तास. टॅक्सी पावणेअकराला येणार होती.

घरमालकीण राजसबाई दारातच आडव्या आल्या. तंजावरच्या मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडच्याच. "अय्यो, साडेदहास राहुकाळ लागतो! त्यांत निघतात का रे? थांब, प्रस्थान ठेवू."

म्हणजे चांगल्या वेळेत आपली एखादी वस्तू शेजारी नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. खरं निघताना ती वस्तू उचलायची आणि जायचं. त्यांनी दोरीवरचा माझा निळा चौकटीचा शर्ट ओढला, घडी घातली, वर सुपारी ठेवली आणि दहा वीसला शेजारी जावेकडे, वसंतामामींच्या कपाटात, ठेवून आल्या.

"जाताना घेऊन जा हं. ठेवलेलं प्रस्थान थांबत नसतं..."

टॅक्सी आली आणि मी साफ विसरलो.

बारा वाजून पाच मिनिटांनी, विमानतळावरच्या रांगेत, एकाएकी नाकात दवाखान्याचा वास भरला. छातीवरचं कापड कुणीतरी मुठीत धरून ओढलं. मी खाली पाहिलं. अंगात कंपनीचा बिनबटणांचा टी-शर्ट. जवळ कुणी नव्हतं.

साडेतीनला दवाखान्यात पोचलो, तर देविकाशेजारी दुपट्यात एवढीशी मुलगी! मी चक्क भोकाड पसरलं.

"आता काय रडतोस?" देविका हसत होती. "मघाशी किती शांत होतास. बारा पाचला आलास, हात धरलास, सही केलीस. आणखी दहा मिनिटं गेली असती तर... नाळ गळ्याभोवती होती रे." तिनं मूठ उघडली. "हे घे. कळ आली तेव्हा ओढलं, तुझं बटण तुटून हातात आलं."

निळं बटण. कागदावरची सहीही माझीच. शर्ट ठेवला दहा वीसला, अधिक विमानाचे पावणेदोन तास... बरोबर बारा पाच. लेक हातात होती. म्हटलं, घाबरायचं ते नंतर घाबरू.

बारशाला तिचं नाव सहाना ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी चेन्नईला परतलो. राजसबाईंना पेढे दिले, वसंतामामींना दिले आणि शर्ट मागितला. शिवायला बटण खिशात होतंच.

मामींनी कपाट उघडलं. "त्या दिवसापासून हात लावला नाही, बघ."

घडी तशीच, वर सुपारी. फक्त तिसरं बटण नव्हतं.

मला भरून आलं. माझी लेक यानंच वाचवली. 'बाबा रे, उपकार झाले तुझे,' असं पुटपुटत मी शर्ट छातीशी धरला. हाताला ओलं लागलं. शर्टाच्या खांद्यावर तान्ह्या बाळाची दुधाची गुळणी होती.

मला पुणं सोडून पाच तास झाले होते. दूध अजून कोमट होतं.