छत कोसळून सात ठार

आमचा धंदा तारखा विकायचा. "आज या दिवशी" असं म्हणून रोज पाच ओळी. अमुक साली पूल खुला झाला, तमुक साली राजा गेला, कुणीतरी कुठलं तरी यंत्र शोधलं आणि त्याच यंत्रात कुणाचा तरी हात गेला. घेणारे कोण, तर दोन वर्तमानपत्रं, एक रेडिओ आणि शहरभरच्या लिफ्टमधले छोटे पडदे. लिफ्टमध्ये शेजारच्याच्या तोंडाकडे बघावं लागू नये म्हणून माणूस काहीही वाचतो. मालक म्हणायचे, "आपलं खरं गिऱ्हाईक तेच. अवघडलेला माणूस."

ऑफिसात आम्ही तिघं. मी ओळी लिहायचो, तपासनीस बाई त्या तपासायच्या आणि मालक आम्हा दोघांवर ओरडायचे. बाई इतक्या काटेकोर, की वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी "कशावरून?" विचारतील.

समोरच्या इमारतीत एक दुसरी कंपनी होती. ती आमच्या ओळी उचलून निम्म्या दरात विकायची. चोर पकडायला मालकांनी एक युक्ती काढली होती: वर्षातून एकदा एक ओळ साफ खोटी घालायची. त्यांनी ती उचलली, की धरायची कॉलर.

"माणसं मार," मालकांनी मला बजावलं. "उद्घाटनं कुणी चोरत नाही."

मग मी लिहिलं, की जुन्या बाजाररस्त्यावरच्या बंदिस्त जलतरण तलावाचं छत कोसळून सात ठार. साल घातलं मी पाच वर्षांचा होतो तेव्हाचं. पत्ता घालायचा आग्रह मालकांचा. त्या पत्त्यावर चपलांचं दुकान आहे आणि त्याआधी गोदाम होतं, याची बाईंनी दोन ठिकाणी खात्री करून घेतली. आमच्याकडे खोटंसुद्धा तपासून घ्यायचे. मेलेल्यांची नावं घातली नाहीत, कारण सामान्य माणसाचं नाव घालायचं नाही हा नियम होता. आडनाव चुकलं की नातेवाइकांचे फोन येतात. "ज्याला नावानिशी मरायचंय," मालक म्हणायचे, "त्याने आधी प्रसिद्ध व्हावं."

ती ओळ ज्या दिवशी जायची होती, त्या सकाळी ताईने मला नेहमीसारखं ऑफिसला सोडलं. ताई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची आणि त्याच गाडीतून मला सोडायची. तिच्या बाजूलाही ब्रेक असलेल्या त्या गाडीची तिला इतकी सवय झाली होती, की घरी टीव्ही बघतानाही समोर कुणी धडकणार असं दिसलं की तिचा पाय जमिनीवर दाबला जायचा. माझ्यापेक्षा ती चारच वर्षांनी मोठी. आई दिवसभर कामाला, त्यामुळे बुटाची नाडी बांधायला, सायकल चालवायला आणि खोटं बोलायला मला तिनेच शिकवलं. हे शेवटचं पुढे पोटापाण्याला आलं.

"आज कुणाला मारलंस?" तिने विचारलं. हा आमचा रोजचा नमस्कार होता.

"सात जणांना. तलावात."

"लहान मुलं?"

"ते नाही ठरवलं."

"काय माणूस आहेस रे. निदान मोठी तरी मार." तिने मला फाटकाशी उतरवलं. "आणि येताना आईची औषधं आण. विसरलास तर आठवा तू."

अकराच्या सुमाराला समोरच्या कंपनीने ओळ उचलली. मालकांना इतका आनंद झालेला मी पगारवाढ मागे घेतानाही पाहिला नव्हता. त्यांनी फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"पकडलं तुम्हाला! ती ओळ खोटी आहे. आमच्या पोराने बसल्या जागी बनवलीय."



"माझा मेहुणा होता त्यात," पलीकडचा माणूस म्हणाला. "बायकोचा धाकटा भाऊ. तिने सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही. तुम्ही धंदा करा हो, पण असं बोलू नका."

मागे कुणीतरी बाई हुंदके देत होती. फोन बंद झाला.

"नाटक कंपनी काढ म्हणावं," मालक म्हणाले. पण त्यांनी परत फोन लावला नाही.

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "सात नाही रे, आठ. आठ मुलं होती. माझ्या नजरेतून कसं सुटलं?"

"बाई, मी बनवलंय ते. तुम्हीच तपासलंत, तिथे गोदाम होतं."

"तू पाच वर्षांचा होतास," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "तुला काय आठवणार?"

जेवणाच्या सुट्टीत मी जुन्या बाजाररस्त्यावर गेलो. गंमत बघायला, असं स्वतःला सांगत गेलो. चपलांच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. फुटपाथवर दहा-बारा माणसं उभी होती, बहुतेक बायका, साठीच्या आसपासच्या. प्रत्येकीच्या हातावर घडी घातलेला एक छोटा टॉवेल. लहान मुलांचा असतो तसा, धुऊन धुऊन विरलेला. एकावर बदकं होती, त्यातल्या एकाची चोच उडाली होती. रडत कुणीच नव्हतं. मुलं पोहून बाहेर येईपर्यंत आया जशा कंटाळून उभ्या असतात, तशा त्या उभ्या होत्या. दुकानदार त्यांना खुर्च्या देत होता. शटरच्या खालून क्लोरीनचा वास येत होता.

रांगेत तिसरी माझी आई होती.

"आलास?" ती म्हणाली. "बरं झालं. दरवर्षी काम आहे म्हणतोस."

"आई, हा टॉवेल कुणाचा?"

मी सभ्य घरात काहीतरी अचकटविचकट बोललो असेन, तसं तिने माझ्याकडे बघितलं. "असं विचारू नये, राजा."

"ताईने सोडलं मला सकाळी. गाडीतून."

आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "लहान होतास तेव्हाही असंच म्हणायचास."

मी बाजूला होऊन ताईला फोन लावला. कुणीतरी फरश्या विकणारा माणूस बोलला. गेली कित्येक वर्षं हा नंबर त्याचाच होता. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लावला. तिथला म्हणाला, "आमच्याकडे बाई नाही हो शिकवत कुणी." मी विचारलं, मग आज सकाळी तुमची गाडी कोण चालवत होतं? "गाडी? ती कालपासून गॅरेजमध्ये आहे."

मी धावत ऑफिसला आलो.

"ती ओळ मागे घ्या," मी मालकांना म्हणालो.

"मागे घेतली तर चोर सुटला."

"माझी बहीण आहे त्यात!"

मालकांनी मान खाली घातली. "माहितीये रे," ते म्हणाले. त्यांचा एवढा मऊ आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "म्हणून तर तुला ठेवून घेतलं."

मी बाईंकडे वळलो. घडलेलं मागे घेता येत नाही, त्या म्हणाल्या. पण दुरुस्ती पाठवता येते. मी लगेच टाइप केलं, की सगळे वाचले. बाईंनी ते खोडलं. "बाहेर आया उभ्या आहेत. त्यांच्यासमोर असं लिहितोस?"

"एक तरी, बाई. एक."

त्यांनी विचार केला. "एक चालेल. वाचतं कधीकधी कुणीतरी."

मी ताईचं पूर्ण नाव घालून ओळ लिहिली. बाईंनी ती दोनदा वाचली, नाव काढून टाकलं, तिथे "एक मुलगी" घातलं आणि मी त्यांचा हात धरायच्या आत पाठवूनही दिली.

"नाव का काढलंत?"

"सामान्य माणसाचं नाव आपण घालत नाही," बाई म्हणाल्या.

घरी जाताना आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पडद्यावर तीच ओळ होती. छत कोसळले. एक मुलगी वाचली. शेजारी उभा असलेला माणूस म्हणाला, "चला, एका घरात तरी दिवा राहिला."

मी दार उघडलं.

ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. केस ओले होते. समोर चहा होता.

"औषधं आणलीस?" तिने विचारलं.

मी तिथेच जमिनीवर बसलो. हसू येत होतं की काय येत होतं, कळलं नाही. आई तिच्या समोर बसली होती.  फक्त ताईचा चेहरा बघत होती, कपाळ, कान, हनुवटी, एकेक करून.

बेल वाजली.

फुटपाथवरच्या बायकांपैकी एक दारात होती. तिच्या मागे, जिन्यावर, बाकीच्या उभ्या होत्या. खालच्या मजल्यापर्यंत.

"बबडे?" ती बाई आत बघून म्हणाली.

आमच्या घरी ताईला बबडी असं कुणी कधी म्हटलेलं नाही.

ताईने कप खाली ठेवला. "आले गं आई."

मी दारात आडवा झालो. "ताई, ही आपली आई नाही. आपली आई आत आहे. बघ तिच्याकडे."

ताईने माझ्याकडे बघितलं. गर्दीत रस्ता अडवणाऱ्या माणसाकडे बघतात, तितक्याच सभ्यपणे.

"तुम्ही जरा बाजूला होता का?"

मी बाजूला झालो. का झालो, ते सांगता येणार नाही. तिने मला कधीच तुम्ही म्हटलं नव्हतं.

जिन्यावरच्या बायकांनी त्या दोघींना वाट करून दिली. मग त्याही एकेक करून खाली गेल्या.

आईने पुढे होऊन दाराला कडी घातली.

"मलाही क्षणभर वाटलं रे," ती म्हणाली. "पण आपली नव्हती ती. मी नीट बघितलं."