डबलदादांचं टेबल

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत खरंच घडलंय. तेही रात्री-अपरात्री नाही. रविवारी, भर दुपारी, तिच्या रिकाम्या ऑफिसात.

ती प्रोग्रामर. एका डायलिसिस सेंटरचं ऑनलाइन कॅलेंडर तिच्याकडे होतं. पेशंटचं नाव टाकायचं, सेव्ह दाबायचं, की खुर्ची राखून ठेवली जायची.

त्या आठवड्यात प्रत्येक नाव दोनदा सेव्ह होऊ लागलं. एका पेशंटला दोन खुर्च्या. जास्तीचं नाव पुसलं की दोन्ही उडायची.

बघता बघता सोमवारची एकच खुर्ची उरली. तिथं तिच्या डायलिसिसवरच्या धाकट्या भावाचं नाव टाकलं की सेव्हच्या दोन रिक्वेस्ट जायच्या. एका खुर्चीवर दोन नावं बसेनात. दोन्ही परत.

भावाची आधीची पाळीही अशीच हुकली होती.

त्याचा फोन आला. "ताई, लागलं का गं नाव? धाप लागतेय."

"लागतंय रे. तू पडून राहा."

तिनं जंग जंग पछाडलं. एकदा दाबलं की बटण बंद व्हावं, अशी सोय केली. कोड दोनदा चालतोय का, तेही तपासलं. कुठंच चूक नाही. तरी पडद्यावर एक रिक्वेस्ट गेलेली दिसायची... आणि क्षणभरानं दुसरी.

मग तिच्या लक्षात आलं. दुसरीच्या आधी आवाज येतोय...

टिक.

शेजारच्या टेबलावरून.

ते डबलदादांचं टेबल. कॅलेंडर मुळात त्यांनीच बनवलेलं. खात्री म्हणून सेव्ह नेहमी दोनदा दाबायचे. सगळे टिंगल करायचे, हीसुद्धा. त्यांनाही डायलिसिस लागायचं. गेल्या वर्षी घाईघाईत स्वतःचं नाव टाकताना त्यांनी एकदाच दाबलं. ते सेव्ह झालंच नाही. सेंटरनं परत पाठवलं, आणि दादा गेले.

तेव्हापासून त्या टेबलावर साधा माउससुद्धा नव्हता.

भीतीपेक्षा भावाची काळजी मोठी होती. तिनं त्याचं नाव पुन्हा टाकलं आणि दादांच्या टेबलामागच्या रिकाम्या खुर्चीपुढे हात जोडले.

"दादा, पाया पडते तुमच्या. एकदाच दाबा. माझा भाऊ जाईल हो."

एसीची घरघरही थांबली...

टिक.

एकच रिक्वेस्ट. भावाचं नाव सोमवारच्या खुर्चीवर लागलं. तिला हुंदका आवरेना.

डोळे पुसायला गेली, तेव्हा कळलं. हात अजून जोडलेलेच होते.

तिनं बटण दाबलंच नव्हतं.

आता सगळ्यांची नावं एकदाच सेव्ह होतात. फक्त भावाच्या नावाला तिनं सेव्ह दाबलं, तर काहीच होत नाही. नाव टाकायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि वाट बघायची.

परवा मी तिच्या शेजारी होतो. भावाचं नाव टाकून झालं होतं. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"हल्ली उशीर लागतो रे त्यांना."

आम्ही दोघं त्या रिकाम्या टेबलाकडे बघत बसलो...

खूप वेळ.