रोवणीच्या हातांची क्रीम

मूल गावच्या बाजारात त्यानं दिव्यानीच्या क्रीमची डबी उघडली, नाकाशी नेली… आणि हळूच मान मागे घेतली.

"हे आंबलं, बाई."

बाई! पंचविशीही न गाठलेल्या दिव्यानीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. तांदळाच्या पेजेचं पाणी आणि मोहाच्या बियांचं तेल घोटघोटून तिनं ही क्रीम केली होती, भाताच्या रोवणीच्या चिखलानं भेगाळलेल्या हातापायांसाठी. प्रत्येक डबीवर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलंही होतं – केमिकल नाही.

"तुमचंच नाक आंबट असन. नाई घ्याची तं ठेवा खाली."

"घेतो न."

"खराब म्हणता, मंग घेता काऊन?"

"कोणाच्या भेगाईत जाऊ नये म्हून."

तो हसला. त्याचे डोळे आधी हसायचे, ओठ मागून… मेलं हेसुद्धा तिच्या लक्षात आलं!

तो पियुष. फार्मसी शिकून चिमूरहून आलेला, बसस्टँडजवळचं नवं मेडिकल त्याचंच. दुसऱ्या दिवशी दिव्यानी तिथं हजर झाली. आपण भांडायला आलोय, असं तिनं स्वतःला बजावलं होतं.

"आमी आमच्या क्रीममंदी जहर नाई टाकत."

"पाणी तं टाकता न? पाणी आलं का बुरशी आली. थोडं प्रिझर्व्हेटिव्ह पायजेच. मर्यादेत टाकलं तं अपाय नाई. जास्त पडलं तं मातर आग होते."

"पुस्तकातलं नोका सांगू. दाखवा."

"पैज?"

"पैज!"

ताजी क्रीम तिनं घोटली. अर्धी तशीच राहिली, अर्धीत पियुषनं काट्यावर तोलून प्रिझर्व्हेटिव्ह मिसळलं. दोन्ही डब्या त्याच्या काउंटरवर ठेवल्या. भाताच्या बांधीतून निघालेल्या बायका एकाच डबीत ओली बोटं घालतात, तशीच दिव्यानीनं रोज दोन्हीत बुडवायची. लावायची मात्र कुणीच नाही, ही त्याची अट.

मग काय, दिवसाची रोवणी उरकली की ती तडक मेडिकलात.

"हात धुवून नाई येत कधी?"

"पैजेचा चिखल हाये. जपून आणला."

तिच्यासाठी काउंटरजवळ एक स्टूल आलं. मग चहा येऊ लागला. तिला उशीर झाला की तो उगाच दारापर्यंत येऊन रस्ता बघायचा, आणि ती दिसली की घाईघाईनं गोळ्यांची खोकी लावायला लागायचा – जशी काही ती आंधळीच!

एके दिवशी तिनं आपल्या डबीचं झाकण काढलं. आत हिरवट-काळी बुरशी धरली होती. त्याची डबी स्वच्छ होती.

पियुष जिंकला होता, पण हसला नाही. दिव्यानीचे डोळे भरले. पैज हरल्याचं तिला काहीच वाटलं नाही; आशाबाई, तिची माय, रोज याच क्रीमनं आपली फाटलेली टाच चोळत होती.

"साऱ्या डब्या वापस आणतो मी," ती उठली. "न् आता डबीच नाई पायजे. दाबून निघन अशी ट्यूब पायजे. आमच्या इथी एका डबीत साऱ्या बायाईचे हात जातात."

"हे मले नाई सुचलं," तो कौतुकानं म्हणाला.

"बांधीत उतरले असते तं सुचलं असतं."

दुसऱ्या दिवशी भर बांधीत, गुडघाभर चिखलात उभी राहून तिनं सगळ्यांसमोर चूक सांगितली. कमळाबाईनं कंबर सरळ केली. "आतावर केमिकल नाई म्हणे, आता टाकतो म्हणते. कोणं शिकवलं वं तुले?"

बायका खुसूखुसू हसल्या. दिव्यानीचे कान तापले, पण ती जागची हलली नाही.

"बुरशीनं शिकवलं, काकू. डबी द्या."

घरोघर फिरून तिनं एकूण एक डबी गोळा केली आणि खड्ड्यात पुरली.

नवी क्रीम तिनं घोटली, प्रिझर्व्हेटिव्ह पियुषनं मिसळलं. नव्या ट्यूबवर तिनं प्रिझर्व्हेटिव्हचं नाव लपवलं नाही, चांगलं ठळक लिहिलं. पहिली ट्यूब घेऊन ती मेडिकलात गेली. पियुषनं हात पुढे केला, बाही सरकली… आणि तिची ट्यूब हातातच राहिली. मनगटाच्या वर लाल चट्टे उठले होते.

"हे काय?"

"काई नाई…"

"पियुष!"

नुसतं नाव तिच्या तोंडून पहिल्यांदाच आलं. तो गडबडला. "मिसळलं का आधी इथी लावून पाह्यतो. सुरुवातीले जरा जास्त पडलं होतं. ते फेकलं मी."

"आपलाच हात भेटला काय?"

"तुही माय लावणार होती न ते…" त्यानं बाही खाली ओढली. "तू मले आवडते, दिव्यानी. आंबलेली क्रीम घेतली, तवापासून."

बाहेर गडचिरोलीची बस हॉर्न देऊन निघून गेली. मग तिनं बांगड्या कोपराकडे सारल्या आणि आपला हात काउंटरवर, त्याच्या हाताशेजारी ठेवला.

"पुढच्या बारीले इथी बी लाव."

"न् आग झाली तं?"

"होऊ दे," ती म्हणाली. "दोघाईले संगंच होईन."